वाचकांचे प्रश्न: बेस गिटार पारखताना

तियात्राच्या मंचापासून लग्नाच्या बँडपर्यंत आणि जत्रेतल्या ऑर्केस्ट्रापासून किनाऱ्यावरच्या शॅकपर्यंत गोव्यात बेस गिटार वाजते. ती विकत घेताना किंवा सांभाळताना बांधणीकडे काय पाहावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न (फोंडा): मुलाला पहिली बेस गिटार घ्यायची आहे. दुकानात एक १८ हजारांची आहे, एक ६५ हजारांची. आकार तोच, रंगही तोच. फरक नेमका कुठे असतो आणि तो आम्हाला दुकानात उभ्या उभ्या कळेल का?

उत्तर: कळेल, पण ॲम्प चालू करण्याआधी पाहायला हवे. जोरात आवाज आला की बाकी कशाकडे लक्ष राहत नाही. आता दोन्ही किमतींच्या वाद्यांचे लाकूड संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवरच कापले जाते. त्यामुळे बाह्य आकार स्वस्त गिटारचाही नेमका असतो. फरक उरतो तो माणसाचा हात आणि वेळ लागतो तिथे: फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोके, नटच्या (डोक्यापाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा, नेक (लांब दांडा) आणि बॉडीचा सांधा, आतले सोल्डरिंग.

सुरुवात तळहाताने करा. नटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत नेकच्या दोन्ही कडांवरून हात हळू सरकवा. २० फ्रेट म्हणजे ४० टोके, आणि प्रत्येक टोक कानशीने वेगळे गोल करावे लागते. कारखान्यात वेळ वाचवायचा झाला तर तो आधी इथे वाचवतात. टोके टोचत असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. दुकानात दिवसभर एसी चालत असेल तर फिंगरबोर्डचे, म्हणजे फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या फळीचे, लाकूड सुकून रुंदीला किंचित आकसते, धातू आकसत नाही, आणि सगळी टोके दोन्ही बाजूंनी सारखीच बाहेर येतात. अशी गिटार घरच्या दमट हवेत काही आठवड्यांत बरीचशी सावरते. पण एक टोक गुळगुळीत आणि शेजारचे धारदार असेल तर ते घासकाम अर्धवट राहिले आहे. हवा बदलून ते सुधारणार नाही.

मग गिटारचे डोके डोळ्याशी धरा आणि सुतार फळी पाहतो तसे फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांवरून बॉडीकडे पाहा. दोन्ही कडा सारख्याच वळलेल्या दिसल्या पाहिजेत. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली असेल तर नेकमध्ये पीळ आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळी, बाक कमी-जास्त करते. पीळ काढणे तिच्या आवाक्यात नाही. असे वाद्य किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. रॉड पाव फेरा दोन्हीकडे फिरतो का, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पुढच्या पावसाळ्यात हातात काही उरणार नाही.

पुढे सांधा. नेक बॉडीच्या खाचेत बसते तिथे बाजूच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सहज सरकते का पाहा. फट दिसली म्हणून आवाज बिघडतो असे नाही, कारण तारांचा ताण सांध्याच्या तळावर आणि चार स्क्रूंवर येतो. पण सैल खाचेत धक्का लागला की नेक बाजूला सरकते. म्हणून शेवटच्या फ्रेटपाशी जाडी ई तार आणि बारीक जी तार आपापल्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहेत का, तेही पाहा. जी तार कडेला चिकटलेली असेल तर वाजवताना ती बोर्डावरून खाली घसरेल.

नट तपासायला एक साधी युक्ती आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती जागा आहे ते पाहा. साध्या कागदाच्या जाडीइतकी असावी. खूप जास्त असेल तर पहिल्या दोन फ्रेटवर बोटे दुखतील आणि स्वर थोडे चढे लागतील. अजिबात नसेल तर मोकळी तार वाजवताना खरखरेल. चारही तारांवर ही जागा सारखी असेल तर नट मन लावून कापला आहे, असे समजा.

आता ॲम्प लावा, आवाज मध्यम ठेवा, टोन पूर्ण उघडा आणि प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवा. ४ तारा, २० फ्रेट, ८० स्वर. पाच-सात मिनिटांचे काम आहे, दुकानदार कितीही घाई करो. एखाद्याच ठिकाणी स्वर खरखरला किंवा दबला तर पुढचा फ्रेट वर आला आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो. तो दोष नव्हे. लांब, बारीक नेकची स्वतःची कंपनसंख्या त्या स्वराशी जुळते आणि तारेची ऊर्जा नेक ओढून घेते. महागड्या गिटारमध्येही हे सापडते. दोन वाद्यांत ज्याचा हा स्वर जास्त टिकतो, त्याची नेक आपल्या कामाची.

ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा अडकवलेल्या पट्टीवरच्या) सॅडलकडेही, म्हणजे तारांखालच्या सरकत्या आधारांकडेही, पाहा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर (हार्मोनिक) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत. ते जुळवल्यावर ई तारेचे सॅडल जी तारेच्या सॅडलपेक्षा मागे असते. एखादे सॅडल अगदी टोकाला जाऊनही स्वर जुळत नसेल तर कारखान्यातच ब्रिज चुकीच्या जागी बसला आहे. शेवटी नॉब फिरवून कचकच येते का, जॅक हलतो का ते बघा, आणि परवानगी मिळाली तर मागचे झाकण उघडा. चकचकीत, गोलसर सोल्डर, नीट बांधलेल्या वायरी आणि आतून काळा वाहक रंग किंवा तांब्याची पट्टी दिसली तर बनवणाऱ्याने न दिसणाऱ्या जागीही काळजी घेतली आहे. रंग आणि पॉलिश सगळ्यात शेवटी.

१८ हजारांची गिटार या कसोट्यांना उतरली तर आमचा कौल तिलाच. चांगल्या कारागिराकडून तिचा सेटअप (नेक, नट आणि सॅडलची जुळणी) करून घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा ॲम्प घ्या.

प्रश्न (म्हापसा): माझी बेस गिटार पट्ट्यावर टांगून हात सोडले की तिचे डोके खाली जाते. डावा हात सतत नेक सावरण्यात जातो. ही बांधणीची चूक आहे का? काही करता येईल?

उत्तर: ही चूक बांधणीपेक्षा रचनेची आहे, आणि बेस गिटारच्या रचनेतला सगळ्यात रोचक भाग तोच आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. एवढ्या लांब नेकच्या टोकाला तारा सुरात लावण्याच्या चार जड चाव्या. हे वजन तोलायचे म्हणून बॉडीचे वरचे शिंग लांब काढले आणि पट्ट्याचे बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास आणले. वरच्या शिंगाची ती लांबी शोभेची नव्हे, तिथे भार तोलला जातो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये बॉडीची कंबर तिरकी केली, त्यामुळे बसून वाजवतानाही वाद्य मांडीवर नीट बसते. व्हायोलिनच्या आकाराच्या किंवा आखूड शिंगांच्या गिटारमध्ये बटण बॉडीच्या बाजूला सरकते आणि डोके पडते. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी तर डोकेच काढून टाकले आणि चाव्या ब्रिजकडे नेल्या.

तुमच्या गिटारवर आधी सर्वांत स्वस्त उपाय करा: ७-८ सेंटिमीटर रुंद आणि आतून खरखरीत चामड्याचा पट्टा. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो आणि तोल आणखी बिघडतो. त्याने भागले नाही तर हलक्या चाव्या. जुन्या पद्धतीच्या मोठ्या पानाच्या चावीचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते, हलकी चावी त्याच्या साधारण निम्मी. चारांत मिळून २०० ग्रॅम कमी होतात, आणि तेही जिथे त्यांचा सगळ्यात जास्त परिणाम होतो त्या टोकाला. मागवण्याआधी डोक्यावरच्या भोकाचा व्यास आणि चावीमागच्या स्क्रूंच्या जागा कॅलिपरने मोजा. भोके मोठी करता येतात, लहान करता येत नाहीत. बॉडीच्या मागच्या टोकाला वजन चिकटवण्याचा सल्लाही कुणी देईल. तोल येतो, पण तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा त्याची किंमत मोजतो.

प्रश्न (डिचोली): आमच्या ओळखीचे सुतार सागवानाची किंवा फणसाची बॉडी करून द्यायला तयार आहेत. गिटार चांगली होईल का? काय सांभाळावे?

उत्तर: होईल, नेक मात्र तयार घ्या. नेकमध्ये ट्रस रॉडची खाच, फ्रेटच्या खाचांची अंतरे आणि फिंगरबोर्डची गोलाई असते. पहिल्याच प्रयत्नात ते साधत नाही. बॉडी हे उत्तम सुताराचे काम आहे.

फणसाचे लाकूड वाद्यांना परके नाही, तंजावरची वीणा त्याचीच असते. सागवान टिकाऊ आणि देखणे, पण जड. एका घनमीटरला साधारण ६५० किलो. बेसच्या बॉडीला नेहमी वापरतात ते आल्डर ४५० च्या आसपास. त्याच मापाची आल्डरची बॉडी अडीच किलोची असेल तर सागवानाची साडेतीन किलोच्या पुढे जाते. म्हणून आतून पोकळ्या काढा, किंवा जाडी नेहमीच्या ४५ मिलिमीटरऐवजी ४० ठेवा. इलेक्ट्रिक बेसचा आवाज मुख्यतः पिकअप (तारांची कंपने टिपणारे, तारांखालचे चुंबक आणि वेटोळे), त्याची जागा आणि तारा ठरवतात. लाकडाची निवड वजन, मजबुती आणि रूप यांसाठी करा. फळी किमान वर्षभर सावलीत वाळलेली हवी. नव्या फळीतला ओलावा नंतर निघतो आणि खाच आकसते किंवा चिरते.

खाच कागदावरच्या मापाने कापू नका. फेंडर पद्धतीच्या नेकचा तळ ६३.५ मिलिमीटरच्या आसपास असतो, तरी प्रत्यक्ष नेक हातात घेऊन साचा त्यावरून करा. स्क्रू न लावता नेक धरून उचलली तर बॉडीही सोबत यावी, इतकी घट्ट हवी. खाचेची खोली साधारण १६ मिलिमीटर.

ब्रिज शेवटी बसवा. नेक पक्की करून नटच्या ई आणि जीच्या खाचांतून दोन धागे ब्रिजपर्यंत ताणा. धागे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले की मध्यरेषा बरोबर आहे. मग नटच्या आतल्या कडेपासून जी तारेच्या सॅडलपर्यंत ८६४ मिलिमीटर मोजा आणि ते सॅडल पुढच्या टोकाच्या जवळ ठेवून ब्रिजची भोके पाडा. बाकी सॅडलना मागे जायला जागा लागते, पुढे नाही. ब्रिजखालून पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या भागाच्या) खोबणीपर्यंत एक बारीक भोक आधीच पाडून ठेवा. त्यातून अर्थिंगची वायर जाते, आणि घरी केलेल्या कामात नेमकी तीच राहून जाते. मग तारांना हात लावला तरी घरघर थांबत नाही.

सागवान तेलकट असते. डिंक किंवा सीलर लावण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच काम करा, नाहीतर सांधा सुटतो आणि पॉलिश सुकत नाही. स्क्रूंना आधी भोक पाडा आणि आट्यांवर मेण चोळा. कडक लाकडात कोरडा स्क्रू आत तुटला तर काढताना बॉडीच जखमी होते. घासताना मास्क हवाच, सागवानाची भुकटी घशाला आणि कातडीला झोंबते.

प्रश्न (पणजी): पावसाळ्याआधी ठीक असलेली गिटार आता पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखरते. ब्रिजवरचे सॅडल उंच केले तर वाजवायला जड झाली.

उत्तर: सॅडल आधी हलवले, तिथे क्रम उलटा झाला. खरखर कुठे आहे त्यावरून कारण शोधायचे असते. फक्त पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर नेक जास्त सरळ किंवा उलट वाकली आहे. फक्त बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहेत. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच खोल झाली आहे. दमट हवेत नेक कोणत्या बाजूला वाकेल ते तिच्या लाकडावर आणि पॉलिशवर ठरते, म्हणून अंदाज न करता मोजा.

दुचाकी दुरुस्तीवाल्यांकडे असते ते फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) आणा. गिटार नेहमीच्या सुरात लावा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर एक हात मोकळा राहतो. आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जागा हवी. तुमच्याकडे बहुधा ती नसेलच. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, मोजा. लागलेच तर आणखी अष्टमांश. नेक लगेच पूर्ण हलत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. जागा ०.५ च्या वर गेली तर घड्याळाच्या दिशेने आवळा. मग सॅडल: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २.० मिलिमीटर. सगळ्यात शेवटी बाराव्या फ्रेटवरची स्वरजुळणी.

ॲलन की नेमक्या मापाचीच हवी. इंचाच्या रॉडमध्ये मिलिमीटरची की घातली की कोपरे झिजतात, आणि रॉडच्या टोकाचा तो झिजलेला नट काढण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीइतका होऊ शकतो. रॉड अडला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

पावसाळ्यात गिटार चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. त्या भिंतीला ओल असते. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. वाजवणार नाही म्हणून चारही तारा काढून ठेवणेही चुकीचे. चार तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलो असतो आणि रॉड त्याच्याविरुद्ध ओढत असतो. ताण गेला आणि रॉड तसाच राहिला की नेक उलटी वाकते.

प्रश्न (मडगाव): जॅझ पद्धतीच्या गिटारवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना घरघर नाही, एक कमी केला की सुरू होते. पिकअप खराब आहे?

उत्तर: नाही. दोन पिकअपची वेटोळी आणि चुंबके एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही सारख्या आवाजात असताना घरघर एकमेकांत मिटते. १९५७ पासून प्रिसिजन बेसमध्ये हीच युक्ती एकाच पिकअपचे दोन तुकडे करून वापरली आहे, म्हणून ती नेहमी शांत असते. तुमच्या गिटारच्या खोबणीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडली तर घरघर कमी होईल. पट्टीचे तुकडे एकमेकांना वीज देतात का, ते मल्टिमीटरने तपासा.

तारांना हात लावून माइकला ओठ लागताच झिणझिणी येत असेल तर मात्र वाजवणे तिथेच थांबवा. तो दोष मंचाच्या वायरिंगचा असतो: अर्थ पिन तोडलेली, किंवा जनरेटरला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनने ते तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पुन्हा जोडू नका.

प्रश्न (काणकोण): फ्रेटवर हिरवट थर आणि ब्रिजच्या स्क्रूंना गंज. घर समुद्रापासून जवळ आहे. फिंगरबोर्डला खोबरेल लावले तर चालेल?

उत्तर: खोबरेल नको. ते खवट होते, चिकट राहते आणि धूळ धरते. बोर्ड शिसवीचा असेल तर वर्षातून एक-दोनदा फिंगरबोर्डसाठी मिळणारे मिनरल ऑइल दोन थेंब फडक्यावर घेऊन लावा आणि पाच मिनिटांनी पुसून काढा. मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डाला तेल लागतच नाही.

फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी नाही. घाम आणि खाऱ्या हवेने त्यातले तांबे हिरवे पडते. ०००० नंबरच्या स्टील वूलने ते साफ होते. त्याआधी बोर्डावर मास्किंग टेप लावा आणि पिकअप पूर्ण झाकून घ्या. लोखंडाची भुकटी चुंबकाला चिकटली तर निघता निघत नाही. सॅडलच्या स्क्रूंना महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि प्रत्येक स्क्रू थोडा पुढे-मागे फिरवून पुन्हा जागेवर आणा. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा खालूनही पुसा.